कावेरीचं दुसरं सत्र

दिवाळीची सुटी संपून शाळा उघडते, त्या सकाळी वर्गाला एक निराळाच वास असतो. बंद खोलीचा, खडूच्या भुकटीचा, उंदरांनी कुरतडलेल्या तक्त्यांचा, आणि मुलांच्या दप्तरांत तळाशी चुरा होऊन बसलेल्या शंकरपाळ्यांचा. वाटूरच्या या मोठ्या शाळेत मी गेली काही वर्षं तो वास घेते आहे. दार उघडलं की मुलं झुंडीनं आत येतात, जागेवरून भांडतात, कुणाचा फटाक्यानं भाजलेला अंगठा सगळे मिळून बघतात. मी टेबलावर डस्टर आपटत उभी असते आणि माझं कुणी ऐकत नसतं. खरं सांगायचं तर मला तो पहिला अर्धा तास फार आवडतो. मी आवाज चढवते तो केवळ रीत म्हणून.

आणि दरवर्षी, नेमक्या त्याच अर्ध्या तासात, मला धावड्याजवळच्या वस्तीवरची शाळा आठवते. तिथं एका वर्षी दुसऱ्या सत्रात माझ्यासमोर एकच मूल होतं.

धावड्याच्या पुढं, डोंगराच्या अंगाला, मेंढपाळांची ती वस्ती. शाळा म्हणजे एक खोली, पुढं पत्र्याची पडवी आणि एक हापसा. पहिली ते चौथी त्या एकाच खोलीत. प्रत्येक वर्गाला एकेक भिंत दिलेली. पहिलीच्या भिंतीवर मुळाक्षरं, दुसरीच्या भिंतीवर पाढे, तिसरीच्या भिंतीवर जालना जिल्ह्याचा नकाशा आणि चौथीच्या भिंतीवर फळा, कारण चौथीच्या मुलांना शहाणं मानायची पद्धत होती. मी मधे उभी राहून घड्याळाच्या काट्यासारखी फिरायची. एका भिंतीला काम द्यायचं, दुसरीकडं वळायचं. पण कान काही भिंतीला बांधलेले नसतात. पहिलीची पोरं अक्षरं गिरवता गिरवता चौथीचा भूगोल ऐकायची, आणि चौथीची दांडगी मुलं पहिलीचं बडबडगीत लागलं की हळूच तोंड हलवायची. कोण कुणाकडून काय शिकलं याचा पत्ता लागत नसे, आणि तो लावायची गरजही नव्हती.

दिवाळी झाली की वस्ती रिकामी व्हायची. काही घरं ऊसतोडीला जायची. बाकीचे मेंढ्या घेऊन घाट उतरून खानदेशाकडं जायचे, तिथल्या शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवायचे आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतायचे. घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या, कोंबड्यांच्या शेजारी एखादं चालता न येणारं मूल. चालता येणारी मुलं मेंढ्यांमागं. जाताना ती मला हात करायची आणि मी पडवीत उभी राहून हात करायची. माझ्याबरोबरच्या सरांना त्या वर्षी दुसऱ्या शाळेवर पाठवलं होतं. त्यामुळं सत्र उघडलं तेव्हा मी, खिचडी शिजवणाऱ्या सुभद्राबाई, आणि दुसरीतली कावेरी, एवढीच शाळा होती.

कावेरीला मागं ठेवायचं हे तिच्या आईनं ठरवलं होतं. गिरजाबाई निघायच्या दिवशी सकाळीच शाळेत आल्या. हाताशी कावेरी, डोक्याला तेल, नवी रिबीन.

"मागच्या साली हिला संगं नेल्ती, मॅडम," त्या म्हणाल्या. "जाताना अक्षरं फटाफटा सांगत होती. आली तव्हा अ बी वळखंना. समदं रानात सांडून आली. यंदा ठिवून चालले. म्हाताऱ्यापाशी राहील. तेवढी वाचायला लागू द्या."

म्हातारा म्हणजे कावेरीचे आजोबा. गुडघ्यांनी दगा दिल्यामुळं ते त्या वर्षापासून वस्तीवरच थांबणार होते. गिरजाबाईंनी लेकीच्या गालावरून हात फिरवला आणि भराभरा चालत मेंढ्यांना गाठलं. कावेरी रडली नाही. ती आत जाऊन दुसरीच्या भिंतीखाली, आपल्या नेहमीच्या जागेवर, मांडी घालून बसली. मला तिचं न रडणं बरं वाटलं, कारण रडणाऱ्या लेकराला कसं समजवावं हे मला घरच्या लेकराच्या बाबतीतही जमलेलं नव्हतं.

पहिला दिवस मजेशीर गेला असं म्हणायला हरकत नाही. वर्षानुवर्षांची जीभ एका दिवसात वळत नाही. मी परिपाठाला बाहेर उभी राहिले आणि म्हणाले, "रांगेत या. हाताचं अंतर घ्या." कावेरी आली, तिनं दोन्ही हात पुढं लांब केले, समोर कुणाचेच खांदे नव्हते, तरी नीट अंतर घेतलं आणि हात खाली घेतले. प्रार्थना आम्ही दोघींनी म्हटली. वर्गात शिकवून झाल्यावर मी सवयीनं विचारलं, "समजलं का सगळ्यांना?" ती मागं वळली. तिसरीच्या भिंतीकडं पाहिलं, चौथीच्या भिंतीकडं पाहिलं आणि मग मला म्हणाली, "हो मॅडम, समद्यायला."

मी हसले. ती हसली नाही. तिनं चौकशी करूनच उत्तर दिलं होतं.

हळूहळू माझ्या ध्यानात यायला लागलं की शाळेतलं जवळजवळ सगळं शिकणं हे दुसऱ्या मुलांच्या भरवशावर उभं असतं. पाढेच घ्या. पाढे कसे म्हणतात? एका सुरात, डोलत, बे एके बे पासून छपराला पोचेल अशा आवाजात. कावेरी मागच्या सत्रात सगळ्यांबरोबर पाढे म्हणायची आणि तिचा आवाज सगळ्यांत खणखणीत. मला वाटायचं, हिला येतात. आता ती एकटी उभी राहिली आणि चाराचा पाढा चार पंचे वीसला येऊन थांबला. पुढचे आकडे तिला माहीतच नव्हते. इतके दिवस कुणाच्या तरी आवाजाला धरून ती ते पार करत होती. ती ओशाळली आणि बोलली, "तिथून पुढं बाळू म्हनत होता."

बाळू म्हणजे तिचा चुलतभाऊ, पहिलीतला. त्यालाही तो पाढा येत नसणार याची मला खात्री आहे. तो आणखी कुणाच्या तरी आवाजाला धरून असेल.

आम्ही चाराचा पाढा पुन्हा पहिल्यापासून केला. ती शिकली, अगदी पक्का शिकली. पण म्हणताना तिचं डोलणं बंद झालं. हात बाजूला सरळ, नजर समोर, आणि आवाज खाली. आकडे बरोबर यायला लागले तसा पाढा गाण्यातून निघून गेला. वाटूरला आता माझी मुलं पाढ्यांनी छप्पर हलवतात तेव्हा मी एखाद्याला मधेच एकटं उभं करते. तो अडखळतो. मी त्याला बसवते आणि पुन्हा सगळ्यांत सोडून देते.

भाषेच्या पुस्तकाचा तर मला राग यायला लागला होता. प्रत्येक पानाखाली काहीतरी लिहिलेलं: मित्राशी चर्चा करा, जोडीदाराला प्रश्न विचारा, गटात बसून सांगा. पुस्तक लिहिणाऱ्यांच्या वर्गात नेहमीच भरपूर मुलं असतात. कावेरी सूचना बोटानं वाचायची, वर पाहायची आणि मी खुर्चीवरून उठून तिच्यासमोर सतरंजीवर बसायची. ती विचारायची, "तुला कोणता पक्षी आवडतो?" पुस्तकात तसंच होतं. मी सांगायची, "मला टिटवी आवडते. तुला?" मग तिला अवघडल्यासारखं व्हायचं, कारण पुढचा प्रश्न पुस्तकात नसायचा आणि आपल्या मनानं मॅडमला अगंतुगं करायची तिची पाळी असायची. दोनचार दिवसांत ती सरावली. नंतर नंतर माझ्या उत्तरांत चुका काढायला लागली. "टिटवी काल सांगितली होती, आज दुसरा सांग."

त्या काळात माझं उरलेलं बोलणं कुणाशी व्हायचं, ते आठवून पाहते. धावड्यात भाड्याची एक खोली होती. घरमालकांशी पाणी आलं का, लाइट गेली का, एवढंच. नवरा पुण्याला कंपनीत, मुलगा जालन्याला सासूबाईंकडं, शिकायला. शनिवारची सकाळची शाळा करून मी भोकरदनवरून राजूरमार्गे जालन्याची गाडी धरायची. चतुर्थी असली की राजूरला गणपतीच्या गर्दीनं गाडी भरून जायची आणि उभ्यानं प्रवास व्हायचा. जालन्याला पोचले की मुलगा दाराशी यायचा, पिशवीत काय आणलंय ते बघायचा आणि आजीच्या मागं जाऊन उभा राहायचा. तासभर तरी. मग हळूहळू, काहीतरी दाखवायच्या निमित्तानं, सरकत सरकत माझ्याजवळ यायचा. आणि तो पुरता माझा होईतो रविवारची संध्याकाळ आलेली असायची. म्हणजे आठवड्यात खऱ्या अर्थानं कुणी माझ्याशी गप्पा मारत असेल तर ती दुसरीतली एक मुलगी होती, आणि तीही पुस्तकात तशी सूचना होती म्हणून.

गणिताचा एक तास विसरत नाही. बारा मोसंबी चार मुलांना सारखी वाटा. मी चिंचोके दिले. तिनं विचारलं, "कोनती चार?" मी म्हणाले, "कोणतीही. समज, आपल्या शाळेतली." तिनं समजून घेतलं. उठून खोलीभर फिरली आणि ज्याच्या त्याच्या रिकाम्या जागेवर चिंचोके मांडून आली. पहिलीच्या भिंतीखाली बाळूच्या जागेवर एक चिंचोका जास्त होता.

"सारखे वाटायचे," मी म्हणाले.

"तो ल्हान हाय. त्याला जल्दी भूक लागती."

"गणितात सगळ्यांना सारखं द्यायचं असतं, कावेरी."

तिनं थोडा विचार केला आणि बाळूचा जास्तीचा चिंचोका उचलून ज्याचा कमी पडला होता त्याच्याकडं नेऊन ठेवला. वहीत उत्तर लिहिलं, तीन. मी बरोबरची खूण केली. पण शाळा झाडायला घेतली तेव्हा ती आडवी आली, ते चिंचोके भरायचे नाहीत म्हणाली, ज्याचे त्याचे आहेत. मग मी त्या जागा सोडून झाडत राहिले. पुढं ते उंदरांनी नेले असावेत. तिनं विचारलं नाही, मीही विषय काढला नाही.

थंडी पडली. सकाळी डोंगरावर धुकं बसून राहायचं, खाली तुरी पिवळ्या दिसायच्या. आम्ही उन्हात पडवीत वर्ग भरवायचो. परिसर अभ्यासाला बाहेर जायचो. पाण्याचे उपयोग सांगायला हापसा, पानांचे आकार बघायला बाभूळ आणि कडुलिंब, दिशा शिकायला खुद्द सूर्य. सकाळी सूर्याकडं तोंड करून उभी राहिली की ती डाव्या हाताकडं, घाटाकडं बघत राहायची. उत्तर दिशा तिला कधी चुकली नाही. आई तिकडंच गेली होती.

चित्रकलेला मी कुटुंब काढायला सांगितलं. तिनं आधी मेंढ्या काढायला घेतल्या. एक काढली, कान लोंबते. दुसरी, तोंड काळं. तिसरीच्या पायात काहीतरी. प्रत्येक मेंढी वेगळी, आणि कुठली कुणाची पिल्लं हेही तिला दाखवायचं होतं. कागद संपला. माणसं कुठं काढायची म्हणून तिनं कागद उलटा केला तर घंटा द्यायची वेळ झाली होती. माणसं उद्या काढीन म्हणाली. दुसऱ्या दिवशी चित्रकला नव्हती.

खेळाचा तास सगळ्यांत कठीण. एकटीला लंगडी येते, दोरीवरच्या उड्या येतात, दगडांनी गजगे येतात. पण खो द्यायला पाठ लागते. मी पदर खोचून तिच्यामागं धावायची आणि दोन फेऱ्यांत दम लागून हापशाच्या कट्ट्यावर बसायची. ती लांब उभी राहून वाट पाहायची. मग एकदा तिनंच येऊन सांगितलं, "मॅडम, तुम्ही दमता. आपण वाचन करू या." मी लगेच हो म्हणाले. सात वर्षांच्या मुलीनं खेळाचा तास सोडून वाचन मागितलं आणि मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट कौतुक वाटलं.

कौतुक वाटण्यासारखं बरंच होतं. ती धडाधड शिकत होती. दुसरीचं पुस्तक संपत आलं, भिंतीवरचा तिसरीचा नकाशा तिनं आपणहून पाठ केला. भोकरदन, जाफ्राबाद, बदनापूर, परतूर, मंठा, बोट ठेवत सांगायची. इंग्रजीत 'माय नेम इज' झालं, रंग झाले, फळं झाली. 'माय फ्रेंड'च्या ओळी मात्र तिनं नको म्हटल्या. आणि तिची भाषा बदलली. माझ्याशीच बोलायची ना दिवसभर. "चला, आता पुढचं पान काढू या." "हात स्वच्छ धुतले का?" "मोठ्यानं वाच, मागंपर्यंत ऐकू गेलं पाहिजे." सुभद्राबाई घरून लहान पातेलं आणून खिचडी टाकायच्या, कारण शाळेच्या मोठ्या पातेल्यात एका मुलापुरती खिचडी करपायची. त्यांना कावेरी बजावायची, "आज मीठ थोडं कमी आहे हं." सुभद्राबाई पदर तोंडाला लावून हसायच्या.

एका दुपारी आजोबा काठी टेकत शाळेत आले. पडवीत बसले, तंबाखू मळली आणि म्हणाले, "मॅडम, ही पोरगी घरी बी शाळाच भरवून राह्यली. मला बिलकुल निवांत बसू देत न्हाई. भाकर खाल्ली का विचारते, ते बी कसं, मास्तरावानी."

"चांगलंच आहे की, बाबा."

"चांगलंच हाय," ते म्हणाले. तंबाखूची चिमूट तोंडात धरली. "पन मंग संध्याकाळी बाहेर बाजेवर बसती. एक शबुद बोलत न्हाई. म्या म्हनतो, रड वाटलं तर. तर म्हनती, रडायला काय झालं?"

मी कावेरीकडं पाहिलं. ती आत फळ्यावर तारीख लिहीत होती. ते काम आता तिचं होतं. खडू संपला की मला न विचारता डब्यातून नवा घ्यायची. मला वाटलं, लवकर जाणती झाली आहे, बस्स. एखाद्या मुलाचं असं कौतुक करताना आपण काय बघायचं सोडून देतो, ते त्या वेळी कळत नाही.

वाटूरला आमच्या शिक्षकखोलीत माझ्याविषयी एक तक्रार नेहमी असते. माझ्या वर्गाचा आवाज फार. पुस्तकात 'मित्राशी चर्चा करा' आलं की मी खरोखरच चर्चेला सोडते, आणि मुलं चर्चा सोडून बाकी सगळं बोलतात. शेजारच्या वर्गातून निरोप येतो. मी मुलांना दटावते आणि पुढच्या पानावर पुन्हा सोडते. मुलगा आता पुण्यात शिकतो. रविवारी फोन करतो. "काय म्हणतेस" विचारतो, मी "काही नाही" म्हणते, तो "बरं" म्हणतो. दोघांच्याही मनात बोलायचं असतं. पण लहानपणी ज्या वयात माणूस उगीचच बडबड करायला शिकतो, त्या वयात आम्ही दोघं वेगवेगळ्या गावी होतो.

होळी जवळ आली तशी डोंगरावर पळस पेटले. शाळा सकाळची झाली. एके दिवशी दहाच्या सुमाराला कावेरी मोठ्यानं धडा वाचत होती आणि मी खुर्चीवर बसून ऐकत होते. दारात सावली पडली. गिरजाबाई उभ्या होत्या. उन्हानं रापून काळ्याभोर झालेल्या, खांद्याला पिशवी. सणाआधी दोन दिवसांची सवड काढून, तिकडून एसटीनं धावडा आणि तिथून चालत आल्या होत्या. चपला बाहेर काढून उंबऱ्याशी थांबल्या.

दारात कुणी पाहुणं आलं की उभं राहायचं आणि हात जोडायचे, असं आमच्या शाळेत शिकवलेलं असतं. अधूनमधून साहेब येतात, त्यासाठी. कावेरी उभी राहिली. तिनं हात जोडले आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "नमस्ते." मग माझ्या परवानगीसाठी क्षणभर थांबून खाली बसली.

गिरजाबाई हसल्या. "वळखलं न्हाई का गं मला?"

"ओळखलं ना," कावेरी म्हणाली. "तू केव्हा आलीस?"

गिरजाबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण नजर माझ्याकडं आली. मी मास्तरकी केली. म्हणाले, "कावेरी, आईला वाचून दाखव." तिनं पुस्तक उघडलं आणि अख्खं पान वाचलं. स्वल्पविरामाला थोडं थांबली, पूर्णविरामाला जास्त थांबली, मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. आई दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. तिला एकेक शब्द हवा होता, हे दिसत होतं.

"एकदा बी अडकली न्हाई," गिरजाबाई म्हणाल्या. आणि त्यांनी हात पुढं केला. "ये."

कावेरीनं आईच्या हाताकडं पाहिलं. मग मान वळवून माझ्याकडं पाहिलं. जाऊ का, असं विचारणारी ती नजर होती. वर्गातून बाहेर जायचं तर मॅडमला विचारायचं असतं, हेही मीच शिकवलं होतं. मी मान हलवली तेव्हा ती उठली, आईजवळ गेली आणि शेजारी उभी राहिली. आईनं जवळ ओढलं तेव्हा अंग आखडून उभी राहिली.

मी तिला फळा पुसायला सांगितला आणि आम्ही दोघी पडवीत बसलो. गिरजाबाई पायाच्या बोटांकडं बघत बोलत होत्या.

"तिकडं रात्री कोकरं पोटाशी घेऊन निजावं लागतं, थंडीनं मरू नये म्हनून. दर रोज वाटतं, आपलं लेकरू कुनापाशी निजलं असंल. पन मनाला म्हनते, शिकून राह्यली, शिकू दे." मग त्यांनी विचारलं, "मॅडम, नेऊ का ठिवू? तुम्ही म्हनाल तसं. दोन म्हैन्यांसाठी तिचं बुडत असंल तर ठिवते. आता इतकं काढलं तर अजून काढीन."

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. ठेवा. दुसरी पुरी होईल, पुस्तक पक्कं होईल, गेल्या वर्षासारखं विसरणार नाही. यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. पण त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती. ती गेली की उद्या सकाळी मी कुणाशी बोलणार? मला ती हवी होती. तिच्या शिक्षणासाठी हवी होती आणि माझ्यासाठीही हवी होती, आणि यातलं पहिलं किती आणि दुसरं किती हे मला तिथं बसून वेगळं करता येत नव्हतं.

आत कावेरी फळा पुसत होती. डस्टरचा आवाज येत होता, वरून खाली, वरून खाली, शिकवल्याप्रमाणं.

"न्या तिला," मी म्हणाले.

"विसरन का?"

"थोडं विसरेल."

"मंग वो?"

"रोज तुम्हाला एक पान वाचून दाखवू दे."

"मला कुठं कळतंय त्यातलं, बराबर का चूक?"

"तुम्ही नुसतं ऐका."

त्यांनी मान डोलावली. मी दुसरीची पुस्तकं बांधून दिली, तिसरीचं भाषेचंही दिलं. आजोबांकडं त्या रात्रीपुरतं थांबून दुसऱ्या सकाळी दोघी निघाल्या. वाट शाळेवरूनच होती. गिरजाबाईंनी लांबूनच हात जोडले. कावेरी मात्र पायऱ्या चढून वर आली.

"मॅडम, मग तुम्ही कोणाला शिकवणार?"

"बघू," मी म्हणाले. "तू जा. गाडी चुकेल."

त्या उन्हाळ्यातच माझी बदली झाली. जूनमध्ये मेंढ्या परत आल्या असतील, शाळा भरली असेल, कावेरी तिसरीच्या भिंतीखाली बसली असेल. तिला वाचता येत होतं की पुन्हा सगळं रानात सांडलं होतं, हे मला आजपर्यंत माहीत नाही. कुणाला विचारणं अवघड नव्हतं. विचारायला फोन हातात घेतला, असं एकदोनदा झालं. विचारलं नाही.

त्या सकाळचं एवढं मात्र दिसतं. गिरजाबाई पुढं चालल्या होत्या आणि कावेरी मागं, दप्तर दोन्ही खांद्यांवर नीट अडकवून. दोघींत अंतर होतं. आई हळू चालायला लागली तर लेकही हळू चालायला लागली. आईनं वळून हाक मारली नाही. ओढ्याच्या अलीकडं गिरजाबाई एकदम दगडावर बसल्या, पायातली चप्पल काढली आणि तळपाय वर घेऊन काटा शोधायला लागल्या. काटा नव्हता. इतक्या लांबून मला काय दिसणार, पण काटा नव्हता हे मला माहीत होतं. जालन्याच्या घरी दर शनिवारी मी पायरीवर बसून सँडलचा बंद असाच काढायची आणि लावायची, मुलगा आजीच्या मागून बाहेर येईपर्यंत.

कावेरी चालत चालत आईपाशी पोचली. उभी राहिली. मग वाकून तळपाय बघायला लागली, आणि तोल सांभाळायला तिनं एक हात आईच्या खांद्यावर ठेवला. गिरजाबाई लगेच उठल्या नाहीत. बऱ्याच वेळानं उठल्या तेव्हा तो हात त्यांच्या हातात होता, आणि दोघी ओढा उतरून गेल्या.

कावेरीनं मागं वळून पाहिलं नाही. तिनं बघू नये असंच मला वाटत होतं, तरी मी दारात उभी होते. नंतर आत येऊन बसले. शाळा सुटायला अवकाश होता आणि नियमाप्रमाणं मला तोवर थांबायचंच होतं.